क्लच अलगद पकडावा म्हणून: नव्या डिझायनरसाठी पायरीपायरीने

वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीच्या डिझाइन विभागात तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल आणि हातात क्लचचं काम आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. कॉलेजात मशीन डिझाइनच्या पेपरात क्लचचं गणित सगळ्यांनी सोडवलेलं असतं. टॉर्क दिलेला असतो, घर्षणांक दिलेला असतो, बल काढायचं आणि उत्तराखाली दोन रेघा मारायच्या. कंपनीत त्या दोन रेघांनंतर काम सुरू होतं. ड्रायव्हरला क्लचची कमाल ताकद क्वचितच जाणवते. पाय वर येताना टॉर्क कसा वाढत जातो, हे मात्र त्याला दर सिग्नलला जाणवतं. पेडलचा प्रवास आडव्या अक्षावर आणि टॉर्क उभ्या अक्षावर घेऊन जो वक्र निघतो, तोच आपण डिझाइन करायचा असतो. बाकीचे सगळे भाग त्या वक्राच्या सेवेला असतात.

सगळीकडे एकच उदाहरण घेऊ, म्हणजे आकडे डोळ्यासमोर राहतील. माल भरून २,८०० किलो वजनाची एक पिकअप. इंजिनचा कमाल टॉर्क १९० न्यूटन-मीटर. पहिला गिअर आणि मागचा डिफरन्शिअल मिळून गुणोत्तर १७.२. चाकाची त्रिज्या ०.३२ मीटर. क्लच कोरडा, एका प्लेटचा.

पहिली पायरी: गाडी कुठे चालणार ते विचारा

कॅलक्युलेटर उघडण्याआधी गाडी कोण चालवणार, कुठे आणि किती माल घालून, हे लिहून काढा. आपल्या भागात याचं उत्तर कठीणच असतं. कन्नडच्या घाटात चाळीसगावकडून वर येताना पुढची गाडी थांबली की मागची पिकअप चढावरच थांबते आणि चढावरूनच सुटते. जालन्याच्या मोंढ्यात गाडी दोन हात पुढे, एक हात मागे अशी तासभर सरकते. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या गेटबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते. तिथे तर भरल्या वजनाने पुन्हा पुन्हा सुटावं लागतं. वर मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे, आणि काळ्या रानातली बारीक धूळ बेलहाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचात, शिरलेली.

कंपनीच्या चकचकीत ट्रॅकवर रिकाम्या गाडीने मऊ लागणारा क्लच या ठिकाणी मऊ राहीलच असं नाही. म्हणून वापराच्या तीन अवस्था कागदावर मांडा: सपाट रस्ता आणि नवी प्लेट, भरली गाडी आणि चढ, आणि शेवटी झिजलेली प्लेट. तिन्हीत वक्र साधारण सारखा राहिला पाहिजे.

दुसरी पायरी: ताकद

हे तुम्हाला येतं, म्हणून भरभर. इंजिनच्या टॉर्कला १.४ ने गुणा: २६६ न्यूटन-मीटर. प्लेटचा बाहेरचा व्यास २२८ मिमी, आतला १५० मिमी घेतला तर सरासरी त्रिज्या ९४.५ मिमी येते. घर्षणाचे पृष्ठभाग दोन, डिझाइनसाठी घर्षणांक ०.२७.

टॉर्क = २ × ०.२७ × बल × ०.०९४५

म्हणजे बल सुमारे ५,२०० न्यूटन. लायनिंगवरचा, म्हणजे प्लेटच्या घासणाऱ्या थरावरचा, दाब साधारण ०.२२ मेगापास्कल पडतो. खाचा आणि रिव्हेटची भोकं वजा केली की जरा जास्त. ऑरगॅनिक लायनिंगला हे झेपतं.

इथे नव्या माणसाचा हात हमखास सैल सुटतो. क्लच घसरू नये म्हणून तो १.४ च्या जागी १.८ किंवा २ धरतो. त्याने पेडल जड होतं, आणि त्याच पेडल-प्रवासात जास्त टॉर्क कोंबला गेल्याने वक्र उभा होतो. म्हणजे गाडी झटका देऊन सुटते. शिवाय लायनिंग नीट बसल्यावर प्रत्यक्ष घर्षणांक बहुतेकदा ०.२७ च्या वरच असतो, हेही लक्षात घ्या. गुणक वाढवायचा असेल तर कारण लिहून वाढवा.

तिसरी पायरी: उष्णता

गाडी सुटताना क्लच काही क्षण घासतो, आणि त्या घासण्यातली ऊर्जा प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबणारी चकती) व फ्लायव्हील (इंजिनबरोबर फिरणारं जड चाक) पोटात घेतात. ती किती, ते काढू. गाडीचं वजन क्लचच्या जागी जडत्व म्हणून आणलं तर वजन गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले गुणोत्तराचा वर्ग: ०.९७ किलो-मीटर वर्ग. इंजिन १५०० आरपीएमवर धरलं तर कोनीय वेग १५७ रेडियन प्रति सेकंद. अर्धं जडत्व गुणिले वेगाचा वर्ग म्हणजे जवळपास १२ किलोज्यूल.

हे झालं रस्त्याचा विरोध नसताना. विरोध धरला की या आकड्याला एका अपूर्णांकाने गुणायचं: अंशात क्लचचा टॉर्क, छेदात क्लचचा टॉर्क वजा विरोधाचा टॉर्क. समजा ड्रायव्हर १३० न्यूटन-मीटरवर क्लच घासवतो आहे. सपाट रस्त्यावर विरोध क्लचजवळ जेमतेम ८ न्यूटन-मीटर पडतो, ऊर्जा १३ किलोज्यूलच्या आत राहते आणि गाडी सव्वा सेकंदात पकड घेते. १२ टक्के चढ धरा. विरोध ६९ न्यूटन-मीटर, ऊर्जा २५ किलोज्यूलच्या वर, आणि घासणं अडीच सेकंद. चढामुळे ऊर्जाही दुप्पट झाली आणि वेळही.

तीन किलोची बिडाची प्रेशर प्लेट असेल आणि निम्मी उष्णता तिच्यात गेली, तर चढावर एकदा सुटताना तिचं तापमान साडेआठ अंशांनी वाढतं. सपाट रस्त्यावर चार अंशांच्या आसपास. रांगेत लागोपाठ सुटत राहिलं आणि थंड व्हायला उसंत मिळाली नाही, की बेरीज करत जा.

याहून वाईट म्हणजे हाफ क्लचवर चढाला गाडी धरून ठेवणं. इंजिन १००० आरपीएमवर, क्लचवर ६९ न्यूटन-मीटर: सव्वासात किलोवॉटचा हीटरच बेलहाउसिंगमध्ये लावल्यासारखं. दहा सेकंदात ७२ किलोज्यूल, म्हणजे चढावर जवळजवळ तीन वेळा सुटण्याएवढी उष्णता, आणि गाडी आहे तिथेच. ड्रायव्हरांना हे सांगणं आपलं काम आहेच, पण ते असं करणारच हे धरून प्रेशर प्लेटचं वजन ठरवणं हे आधीचं काम आहे. खर्च वाचवायला प्रेशर प्लेट पातळ करा असा आग्रह होतो, तेव्हा हे गणित मांडून दाखवा. पातळ प्लेट तापून शंकूसारखी वाकते, लायनिंगला फक्त एका कडेने टेकते, आणि तुम्ही मेहनतीने आखलेला वक्र तिथेच मोडतो.

चौथी पायरी: कुशन

अलगद पकडण्याचा जीव इथे आहे, म्हणून इथे वेळ द्या.

क्लच प्लेट हातात घेऊन कडेने बघा. दोन लायनिंगच्या मधे पातळ पोलादाचे लाटेसारखे वळवलेले तुकडे दिसतील. हे कुशन सेगमेंट. प्लेट मोकळी असताना ती जाड असते आणि पूर्ण दाबल्यावर साधारण ०.६ ते १ मिमीने बारीक होते. आपण ०.८ मिमी धरू.

आता हे ०.८ मिमी पायापर्यंत नेऊ. डायाफ्राम स्प्रिंगचं (प्रेशर प्लेट दाबून धरणारी शंकूसारखी स्प्रिंग) लीव्हर गुणोत्तर ४ आणि पेडलपासून रिलीज बेअरिंगपर्यंतचं (पेडल दाबलं की ही स्प्रिंग ढकलणारं बेअरिंग) १२ असेल, तर एकूण ४८. म्हणजे ०.८ मिमी कुशन ड्रायव्हरच्या पायाखाली ३८ मिमी होतं. शून्य टॉर्कपासून पूर्ण टॉर्कपर्यंतचा सगळा खेळ या ३८ मिमीत. कुशन ०.२ मिमीच ठेवलं असतं, तर तोच खेळ दहा मिमीत उरकावा लागला असता. चप्पल घातलेल्या, दिवसभर थकलेल्या पायाला दहा मिमीत २६६ न्यूटन-मीटर सांभाळता येत नाहीत.

पण नुसती लांबी पुरत नाही, आकारही हवा. आपल्या प्लेटला दर १,००० न्यूटन बलामागे ५१ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. कुशन सरळ रेषेत वागत असेल तर अर्ध्या प्रवासात, म्हणजे ०.४ मिमीवर, २,६०० न्यूटन आणि १३३ न्यूटन-मीटर येऊन बसतात. मोंढ्यात सरकायला एवढा टॉर्क नको असतो. तिथे १५ ते ५० च्या पट्ट्यात काम असतं. म्हणून सेगमेंटच्या लाटा अशा आखायच्या की सुरुवातीला मऊ आणि पुढे कडक. अर्ध्या प्रवासात बल १,००० न्यूटनच्या आसपास राहिलं, तर पहिल्या १९ मिमी पेडलमध्ये ड्रायव्हरला ० ते ५० न्यूटन-मीटर सावकाश वापरता येतात, आणि चढावर लागणारा जोर पुढच्या १९ मिमीत मिळतो.

फार मऊही करू नका. सुरुवात अती मऊ झाली की ड्रायव्हरला क्लच नेमका कुठे पकडतो तेच कळत नाही, तो पाय आणखी सोडतो आणि कडक भागात एकदम शिरतो.

कुशन झिजतं असं नाही, पण बसतं. तापलेल्या लायनिंगच्या मागच्या बाजूला सेगमेंट रुततात आणि त्यांचा बाकही थोडा कमी होतो. ०.८ मिमी काही काळाने ०.६ वर येऊ शकतं. ड्रॉइंगवर नव्या प्लेटचा वक्र दिला जातो; तुम्ही टिकाऊपणाच्या चाचणीनंतर त्याच प्लेटचा वक्र पुन्हा मोजून मागा. माझ्या मते पुरवठादाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच.

पाचवी पायरी: डायाफ्राम स्प्रिंग

पत्र्याच्या डब्याचं झाकण मधोमध दाबलं की आधी विरोध करतं आणि मग एका जागी सैल पडून आत जातं. डायाफ्राम स्प्रिंगचा स्वभाव तसाच आहे. बल आधी चढतं, मग उतरतं, पुन्हा चढतं. शंकूची उंची भागिले पत्र्याची जाडी हे गुणोत्तर १.४१ च्या वर गेलं की हा उतार तयार होतो. आल्मेन आणि लास्लो यांनी १९३६ साली मांडलेल्या सूत्रांवरून हा वक्र हाताने काढता येतो; एकदा तरी एक्सेलमध्ये स्वतः काढा, तयार सॉफ्टवेअरवर लगेच जाऊ नका.

नवी प्लेट असताना स्प्रिंग उंचवट्याच्या पलीकडे, उताराच्या बाजूला बसवतात. याचे दोन फायदे. पेडल दाबलं की बल कमी होत जातं, म्हणून पाय दुखत नाही. आणि लायनिंग झिजत गेलं की स्प्रिंग उंचवट्याकडे सरकते, बल आधी थोडं वाढतं आणि मग पहिल्या पातळीवर परत येतं. लायनिंगची एकूण झीज २ मिमी धरली असेल, तर नव्या स्थितीतलं आणि २ मिमी झिजलेल्या स्थितीतलं बल जवळपास सारखं येईल असा बिंदू निवडा. मधला उंचवटा फार उंच झाला तर अर्ध्या आयुष्यात क्लच जड आणि झटकेबाज होतो. ड्रायव्हर तक्रार करतो आणि गॅरेजवाल्याला प्लेट धडधाकट दिसते.

झिजेचा आणखी एक परिणाम. प्लेट २ मिमी बारीक झाली की स्प्रिंगची बोटं, म्हणजे बेअरिंग टेकतं ती आतली टोकं, लीव्हर गुणोत्तराने, म्हणजे सुमारे ८ मिमी, गिअरबॉक्सकडे सरकतात. पेडलची जोडणी हायड्रॉलिक असेल तर ती हे आपोआप सांभाळून घेते. केबल असेल आणि समायोजन केलं नसेल तर पेडलचा मोकळा खेळ संपतो आणि पकडण्याची जागा वर चढते. “साहेब, क्लच लई वर पकडायलाय,” असं ड्रायव्हर सांगतो, तेव्हा तो हेच मोजून सांगत असतो.

सहावी पायरी: सुटतो का तेही बघा

पकडण्याच्या नादात सुटणं विसरू नका. बेअरिंग ८ मिमी सरकलं तर प्रेशर प्लेट २ मिमी मागे येते. त्यातले ०.८ मिमी कुशन फुगण्यात जातात. उरलेले १.२ मिमी दोन बाजूंना वाटले की प्रत्येकी ०.६. प्लेट स्वतः कडेला ०.५ मिमी डुलत असेल तर हातात जवळजवळ काहीच राहत नाही, आणि बेअरिंग ढकलणारा काटा व क्लचचं कव्हर वाकण्यात जाणारा प्रवास अजून वजा केलेलाच नाही. मग रिव्हर्स टाकताना कर्र आवाज येतो. म्हणजे कुशन वाढवलं की सुटण्यातून तेवढं कापलं जातं. ही ओढाताण सोडवायला पेडलचं गुणोत्तर कमी केलं तर जोर वाढतो. बेअरिंगवर १,५०० न्यूटन, गुणोत्तर १२ आणि कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर पायाला १४७ न्यूटन लागतात. पिकअपसाठी ही माझ्या दृष्टीने वरची मर्यादा. जुन्या, कोरड्या केबलची कार्यक्षमता याहून बरीच कमी असते, आणि तिचं अडकत-सुटत सरकणं थेट टॉर्कमध्ये उतरतं. बजेट परवडत असेल तर हायड्रॉलिकच घ्या.

क्लच प्लेटचा हब, म्हणजे मधला भाग, गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या खाचांवर, म्हणजे स्प्लाइनवर, मोकळा सरकला पाहिजे. धूळ बसलेली स्प्लाइन प्लेटला अडवते आणि पकड एका बाजूने सुरू होते. ग्रीस लावायचं, पण नखाने पुसल्यासारखा पातळ थर. जास्त झालेलं ग्रीस फिरताना उडून लायनिंगवर जातं, आणि त्यानंतरची थरथर कुठल्याही डिझाइनने जात नाही.

लायनिंग कुठलं, यावर थोडक्यात. पिकअपसाठी विणलेलं ऑरगॅनिक. ट्रॅक्टरवाल्यांचं बघून काही जण पिकअपलाही बटणाची प्लेट, म्हणजे तांबं-सिरॅमिकची, बसवून घेतात. ती उष्णता सोसते, पण एकदम चावते. नांगराला चालतं, कांद्याच्या गोण्या घेऊन बाजारात सरकायला चालत नाही.

सातवी पायरी: थरथर, म्हणजे जडर

गाडी सुटताना पूर्ण केबिन थरथरते, सीट मागेपुढे हलते. पहिल्या गिअरमध्ये गाडीच्या ड्राइव्हलाइनची स्वतःची कंपनं साधारण १० हर्ट्झच्या आसपास असतात आणि क्लच त्यांना खतपाणी घालतो. खतपाणी दोन प्रकारचं असतं, आणि कुठलं आहे ते ओळखता आलं तर निम्मं काम झालं.

पहिला प्रकार घर्षणाचा. घासण्याचा वेग कमी होताना घर्षणांक वाढत असेल, तर प्रणाली स्वतःलाच झोके देत राहते. अशा वेळी थरथरीची वारंवारता ठाम राहते, इंजिनचा वेग बदलला तरी हलत नाही. उपाय लायनिंगच्या मिश्रणात. पुरवठादाराकडून घर्षणांक विरुद्ध घासण्याचा वेग असा आलेख मागा, तोही थंड आणि गरम दोन्ही. तो सपाट असावा किंवा वेगाबरोबर किंचित चढता.

दुसरा प्रकार भूमितीचा. फ्लायव्हीलचा चेहरा डुलतो, स्प्रिंगची बोटं एका पातळीत नाहीत, प्रेशर प्लेटची जाडी सगळीकडे सारखी नाही. इथे धक्के फिरण्याच्या वेगाशी, बऱ्याचदा फ्लायव्हील आणि प्लेट यांच्या वेगातल्या फरकाशी, बांधलेले असतात. फरक १५०० आरपीएमवरून शून्याकडे येताना ६०० वर पोचतो, तेव्हा सेकंदाला बरोबर १० धक्के होतात आणि गाडी थरथरते. म्हणून ही थरथर अगदी सुरुवातीला न येता गाडी जरा सुटल्यावर येते आणि निघून जाते. उपाय मशीन शॉपमध्ये आहे: डायल इंडिकेटर घेऊन फ्लायव्हीलचा चेहरा, बोटांची उंची आणि प्रेशर प्लेटची समांतरता मोजा.

पहिल्या पावसानंतर सकाळी दोनचार वेळा थरथरून मग शहाणी होणारी गाडी या दोन्हींत टाकायची घाई करू नका. रात्रीच्या दमटपणाने फ्लायव्हीलवर गंजाची पुसट साय येते आणि लायनिंग ओल धरतं. थोडं घासलं की जातं. ते दिवस टळून गेल्यावरही थरथर राहिली तरच पुढे जा.

हबमधल्या टॉर्शन स्प्रिंगांबद्दल एवढंच की त्या पकडीसाठी कमी आणि पकडल्यानंतरच्या खडखडाटासाठी जास्त असतात. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर सेकंदाला सुमारे २७ स्फोट देतं, तीन सिलिंडरचं २०. त्या धक्क्यांपासून गिअर वाचवणं हे त्यांचं काम. तो विषय वेगळा आणि मोठा आहे.

आठवी पायरी: गाडीवर तपासणी

टेस्ट रिगवर ऊर्जा, झीज आणि गरम असताना जास्त वेगावर प्लेट फुटते का, हे बघून होतं. अलगदपणा मात्र गाडीतच कळतो. पेडलवर प्रवास मोजणारा सेन्सर, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा वेग, आणि ड्रायव्हरच्या सीटच्या रुळावर पुढे-मागे दिशेचा अ‍ॅक्सेलरोमीटर, एवढं पुरतं. लायनिंग आधी नीट बसू द्या. कोऱ्या प्लेटवर घेतलेले आकडे फेकून द्यावे लागतात. मग थंड, गरम आणि पुन्हा थंड अशा तीन फेऱ्या करा, प्रत्येक फेरीत रिकामी व भरलेली गाडी, सपाट व चढ.

ड्रायव्हर निदान तीन वेगळे घ्या, आणि त्यातला एक तरी रोज माल वाहणारा असू द्या. आपले टेस्ट ड्रायव्हर इतके सराईत असतात की वाईट क्लचही त्यांच्या पायाखाली शहाण्यासारखा वागतो. प्रत्येकाचा सुटतानाचा कमाल धक्का आणि पेडलवरची पकडीची जागा शेजारी-शेजारी लिहून काढा. तिघांच्या आकड्यांत फार फरक पडत असेल, तर कुशनच्या वक्राच्या पहिल्या अर्ध्या भागाकडे परत जा आणि तिथून पुढचं सगळं पुन्हा मोजा.